लिस्बनला जाण्याआधी वसई गाठा

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या कॅमेरेवाल्यांनो, युरोपात चार दिवसच मिळणार असतील तर माझं मत लिस्बनला. पॅरिस, रोम मोठी शहरं. निम्मा वेळ रांगेत जातो. लिस्बन चढउतारांचं, पायी फिरण्याजोगं. अल्फामाच्या गल्ल्या, अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम, टेकड्यांवरून दिसणारी तेजो नदी. जूनमध्ये सूर्य रात्री नवाच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळचा सोनेरी उजेड जेवणाच्या वेळेपर्यंत हाताशी.

तिथला कार्मो मठ चुकवू नका. १७५५ च्या भूकंपात छप्पर कोसळलं, कमानी तशाच उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत.

अशा कमानींच्या फोटोंचा सराव मात्र इथेच करता येतो. मीरा रोडहून लोकलने भाईंदर, नायगाव, की वसई रोड, पुढे रिक्षा. १५३४ पासून पोर्तुगीजांकडे असलेली वसई १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी जिंकली. तिथल्या किल्ल्यातली चर्चंही बिनछपराची. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीवरचे कोरीव थडग्यांचे दगड सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून हातातच कॅमेरा धरा.

आणि हो, लिस्बनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका.