ढगातलं मीठ मोजायचं कसं?

मागच्या महिन्यात पुण्याहून गावी, जतला गेलो. साताऱ्यात वायपर बंद करायची सोय नव्हती, जतच्या फाट्यावर नुसती धूळ. चुलते म्हणाले, "काय रं, पाऊस तिकडंच ठेवून आलास व्हय?" त्यावरून आजचा एपिसोड.

अरबी समुद्रात फेसातले बुडबुडे फुटतात, बारीक थेंब उडतात, पाणी सुकून मिठाचे कण उरतात. मोसमी वारा ते घेऊन सह्याद्री चढतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? तसंच. आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की कण पाणी ओढतो. मोठा कण, लवकर मोठा थेंब; तो पडताना बारक्या थेंबांना गिळत जातो. पावसाचा एक थेंब म्हणजे ढगातले साधारण दहा लाख थेंब, त्यामुळे असे मोजके दांडगे कणही बराच फरक पाडू शकतात.

महाबळेश्वरला आयआयटीएमची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे, तिथे ढगच दारात येतो. त्याच्या वर मोजायचं तर विमान लागतं. आणि विमान सेकंदाला १०० मीटरच्या आसपास पळतं! नळीने हवा आत घेतली तर हलके कण वळणावर वळतात, जड मीठकण भिंतीला धडकतात. म्हणजे हवे तेच गायब, आणि आकडे दिसतात एकदम व्यवस्थित. (लॉग गळाले तरी डॅशबोर्ड हिरवाच, हे आम्हाला रोजचंच.)

म्हणून पंखाखाली लेझर लावतात. कणावरून उजेड किती विखुरला त्यावरून आकार कळतो. पण धूळ की मीठ, हे लेझर सांगत नाही. शिवाय ८० टक्के आर्द्रतेत मीठकण जवळपास दुप्पट रुंद होतो, त्यामुळे त्याच क्षणाची आर्द्रताही नोंदवावी लागते.

मला सगळ्यात आवडली ती जुनी युक्ती. साधारण १९५० च्या सुमारास अमेरिकेत अल्फ्रेड वुडकॉक यांनी छोटी काचपट्टी विमानाबाहेर धरली. जड कण वळू शकत नाहीत, ते थेट काचेवर आदळून चिकटतात. नळीत नडणारं जडत्व इथे कामी आलं.

हे मोजायचं कशाला? १९७३ ते १९८६ दरम्यान आयआयटीएमने ११ पावसाळे पर्जन्यछायेतल्या ढगांत विमानातून मीठच फवारलं. फवारलेल्या भागात पाऊस २४ टक्के जास्त निघाला. २०१८-१९ ला आमच्या शेजारच्या सोलापुरातून पुन्हा विमानं उडाली. ढगात आधीच समुद्राचं मीठ किती होतं हे माहीत नसेल, तर आपल्या मिठाने काय केलं ते कसं ओळखणार?

चुलत्यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "म्हंजे आधी ढग तर पायजेच?"

"पायजेच, आण्णा."

"मग म्हैसाळचं पाणी कधी सोडत्यात ते बघ."