प्रॉम्प्ट बिघडलाय? आधी तो वाचा

लिनक्स सर्व्हरवर नवीन खातं उघडलं, लॉग-इन केलं आणि पडद्यावर उमटलं नुसतं ‘$’. शेजारच्या सहकाऱ्याला त्याचं नाव, मशीनचं नाव, चालू फोल्डर असं सगळं रंगीत दिसतंय. आपण वरचा बाण दाबावा, तर आधीची कमांड परत यायच्या ऐवजी ‘^[[ए’ असला कचरा उमटतो. अशा वेळी बहुतेक जण इंटरनेटवरून प्रॉम्प्टची एखादी देखणी ओळ उचलून चिकटवतात. ती चालतच नाही, किंवा आज चालते आणि पुढच्या लॉग-इनला गायब होते. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की ओळ चिकटवण्याआधी समोर उमटलेला प्रॉम्प्ट नीट वाचावा. बिघाडाचं कारण बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं.

वरच्या उदाहरणातलं एकटं ‘$’ आणि बाणाचा कचरा सांगतात, की हा बॅश नव्हेच. डेबियन आणि उबुंटूवर ‘युजरअ‍ॅड’ ही कमांड साधेपणी वापरली, तर नव्या खात्याला बॅशऐवजी ‘एसएच’ हा शेल मिळतो. त्या नावामागे प्रत्यक्षात असतो ‘डॅश’, वेगासाठी मुद्दाम हलका ठेवलेला शेल. त्याला बाणांची भाषा कळत नाही आणि बॅशच्या प्रॉम्प्टमधल्या खुणाही कळत नाहीत. ईटीसी फोल्डरातल्या ‘पासडब्ल्यूडी’ फाईलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते. विसर्गासारख्या दोन टिंबांनी वेगळे केलेले तिचे सात रकाने असतात. सहावा होम फोल्डरचा, सातवा शेलचा. हे दोन तपासले, की निम्मं निदान झालं. शेल बदलायला ‘सीएचएसएच’ ही कमांड आहे, आणि त्यानंतर पुन्हा लॉग-इन करावं लागतं.

सेंटओएस ७ वर लक्षण वेगळं दिसतं: ‘-बॅश-४.२$’. इथे शेल बरोबर आहे, पण त्याला प्रॉम्प्ट कसा दाखवायचा हे कुणी सांगितलेलंच नाही. म्हणून तो स्वतःचं नाव आणि आवृत्ती सांगून मोकळा होतो. सुरुवातीची आडवी रेघ म्हणजे हा लॉग-इन शेल असल्याची खूण. होम फोल्डरात ‘.बॅशआरसी’ आणि ‘.बॅश_प्रोफाइल’ या फाईली नसल्या, की असं होतं. नव्या खात्यासाठी त्या ईटीसीमधल्या ‘स्केल’ फोल्डरातून येतात. तिथूनच पुन्हा कॉपी करून घ्याव्यात आणि त्यांची मालकी त्या खात्याच्या नावे करावी.

सर्वांत चकवणारा प्रकार उबुंटूवर भेटतो. डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये प्रॉम्प्ट अगदी हवा तसा, आणि एसएसएचने त्याच खात्यात शिरलं की रंग गायब! कारण बॅश दोन वाटांनी सुरू होतो. साध्या खिडकीत तो ‘.बॅशआरसी’ वाचतो. लॉग-इन करताना मात्र आधी सगळ्यांसाठीची सामाईक ‘प्रोफाइल’ वाचून मग ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’, ‘.प्रोफाइल’ या क्रमाने शोधतो आणि पहिली सापडली की थांबतो. उबुंटूत ‘.बॅशआरसी’ला बोलावणं धाडायचं काम ‘.प्रोफाइल’कडे असतं. एखाद्या सॉफ्टवेअरने गुपचूप ‘.बॅश_प्रोफाइल’ तयार केली, की ‘.प्रोफाइल’पर्यंत पाळीच येत नाही. सेटिंग चुकलेलं नसतं, ते वाचलंच जात नसतं. या एका गोष्टीपायी माणसं तासन् तास भलत्याच फाईलमध्ये दुरुस्त्या करत बसतात, म्हणून ती इतकी सविस्तर सांगितली.

कंटेनरमध्ये काम करणाऱ्यांना नावाच्या जागी कधीकधी ‘आय हॅव नो नेम!’ असं वाक्य दिसतं. ते बॅशच्या मूळ प्रोग्राममधलंच आहे. चालू खात्याच्या क्रमांकाला पासडब्ल्यूडीत नाव सापडलं नाही, की तो तसं म्हणतो. इथे प्रॉम्प्टला हात लावू नये, खात्याची नोंद दुरुस्त करावी. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतो. त्याच्या खुणा टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतात, त्यामुळे बॅशची ओळ तिथे अक्षरशः जशीच्या तशी छापली जाते.

एवढं तपासून झालं, की मग खुद्द प्रॉम्प्टची ओळ बघायची. ती ‘पीएस१’ या चलात राहते. हे नाव १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्समधून बाहेर आलेल्या स्टीव्हन बोर्न यांच्या शेलमधलं. ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये ग्नू प्रकल्पासाठी आणलेल्या बॅशने ते तसंच ठेवलं. लांब कमांड टाइप करताना ती पुढच्या ओळीवर न जाता स्वतःवरच चढत असेल, तर दोष रंगांचा. रंगाचे संकेत पडद्यावर जागा घेत नाहीत, पण बॅश त्यांनाही अक्षरं समजून मोजतो आणि ओळ भरली असं वेळेआधीच ठरवतो. प्रत्येक संकेताभोवती ‘\[’ आणि ‘\]’ घातले, की हिशेब जुळतो.

शेवटच्या चिन्हाबद्दल मात्र हयगय नको. ‘\$’ ही खूण साध्या खात्यात ‘$’ आणि रूटच्या खात्यात ‘#’ दाखवते. अनेक तयार ओळींमध्ये नुसतंच ‘$’ लिहिलेलं असतं. दुहेरी अवतरणात लिहिलेल्या ‘\$’ मधली तिरकी रेघही बॅश आधीच गिळतो. मग सगळं पुसू शकणारं रूटचं खातं दिसायला साध्या खात्यासारखं होतं. म्हणून ओळ एकेरी अवतरणात लिहावी, आधी चालू शेलमध्ये टाइप करून पाहावी आणि मगच फाईलमध्ये घालावी. जुनं सेशन उघडं ठेवून दुसरीकडून नव्याने लॉग-इन करावं. ती ओळ रूटच्या खात्यातही घातली असेल, तर तिथे ‘#’ दिसतोय याची खात्री करूनच पहिलं सेशन बंद करावं.