कोयनेचे पाणी आणि वीज : पाण्यातले 'सत्त्व' खरेच जाते का?

विद्यार्थी मित्रांनो, धरणाच्या सहलीला गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, वीज काढून घेतल्यावर पाण्यात काय उरतं? तसलं पाणी पिकाला चालतं का?" गावाकडे बरेच मोठे लोकही म्हणतात की वीज काढली की पाण्यातले सत्त्व जाते. चला, कोयना प्रकल्पाचे उदाहरण घेऊन हे नीट समजून घेऊ.

धरण कुठे आहे?

सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात कोयनानगरजवळ हे धरण आहे. उंची सुमारे १०३ मीटर. मागच्या जलाशयाला शिवसागर म्हणतात. त्यात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी!

वीज कशी तयार होते?

आता गंमत बघा. कोयना नदी पूर्वेकडे जाऊन कराडला कृष्णेला मिळते. पण विजेसाठीचे बहुतेक पाणी पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून कोकणात नेतात. का बरं? कारण घाटाखाली कोकण एकदम खोल आहे. तिथे पाण्याला सुमारे ४७५ मीटरची उंची मिळते.

१. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा असते.
२. मोठ्या पोलादी नळातून खाली येताना ती दाबात आणि वेगात बदलते.
३. जोरदार झोताने टर्बाइनचे चाक फिरते.
४. चाकाला जोडलेले जनित्र फिरते आणि वीज तयार होते.
५. रोहित्र विजेचा दाब वाढवते आणि तारांतून वीज दूरवर जाते.

चिपळूण तालुक्यातल्या पोफळीचे वीजगृह तर डोंगराच्या आत, जमिनीखाली आहे.

थोडे गणित करू

१००० लिटर पाणी ४७५ मीटर खाली आले, तर हिशेबाने सुमारे १.३ युनिट वीज मिळते. थोडी ऊर्जा घर्षणात वाया जाते, तरी साधारण एक युनिट हाती लागते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीएवढ्या पाण्यात १० वॅटचा बल्ब १०० तास! तेच पाणी धरणाच्या पायथ्याशी सोडले तर याच्या पाव वीजही मिळणार नाही, कारण तिथे उंचीच कमी.

मग सत्त्वाचे काय?

पोफळीतून बाहेर पडलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवतात आणि त्यावर पुन्हा वीज बनवतात. सत्त्व गेले असते तर दुसऱ्यांदा वीज कुठून आली असती, सांगा बरं? पाण्यातून काहीच काढलेले नसते. कमी झाली ती फक्त त्याची उंची. पाणी तेच, क्षार तेच. पिकाला आणि प्यायला ते आधी जसे होते तसेच राहते.

खरा प्रश्न वेगळाच आहे

कोकणात उतरलेले पाणी पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राकडे जाते. ते पुन्हा घाटावर येत नाही. म्हणून विजेला जास्त पाणी दिले की पूर्वेकडच्या शेतीला कमी उरते. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली ती यासाठीच. पाऊस कमी झाला की वीज की शेती, हा पेच पडतो.

प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतात, त्यामुळे विजेची मागणी अचानक वाढली की त्यांचा मोठा आधार असतो. पण या जलाशयाखाली अनेक गावांची घरे-शेते गेली आणि माणसांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले, हेही लक्षात ठेवा.

घरी करून पाहा

प्लास्टिकच्या बाटलीला वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन सारखी छिद्रे पाडा. बाटली पाण्याने भरा. कोणत्या छिद्रातली धार सर्वांत जोरात येते? का? उत्तर वहीत लिहा, आणि घरी कोणी 'सत्त्व जाते' म्हणाले तर त्यांना कोळकेवाडीची गोष्ट सांगा.