गडहिंग्लजची खानावळ आणि तिचे ताट

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी खानावळ रुजली ती खवय्यांमुळे नव्हे, तर कामासाठी घराबाहेर जेवावे लागणाऱ्या माणसांमुळे. न्यायालयात तारखेला आलेले पक्षकार, बाजार समितीत माल घेऊन आलेले शेतकरी, एस. टी.चे चालक-वाहक, आजरा-चंदगडकडून शिकायला आलेली मुले आणि कुटुंब मागे ठेवून बदलीवर आलेले शिक्षक-कारकून हा तिचा मूळ गिऱ्हाईकवर्ग होय. हॉटेलात पदार्थ निवडायचा असतो. खानावळीत त्या दिवशी जे शिजले असेल तेच पुढ्यात येते आणि निवड उरते ती भाकरी की चपाती, साधे की मांसाहारी एवढीच. महिन्याचे पैसे आगाऊ भरून ‘खानावळ लावणाऱ्या’ माणसाला रोज जेवूनही कंटाळा येऊ नये, हे तिच्यापुढचे खरे आव्हान असते, आणि पाटीवरच्या ‘घरगुती जेवण’ या दोन शब्दांची परीक्षा तेथेच होते.

हे जेवण असे का आहे, याचे उत्तर बरेचसे गावाच्या जागेत आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावणारी हिरण्यकेशी आजऱ्यावरून गडहिंग्लजला येते आणि पुढे संकेश्वरकडे जाते. तिच्या वाटेवर पश्चिमेकडील धुवांधार पाऊस पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे वरच्या अंगाला भात आणि नाचणी, तर खालच्या अंगाला ज्वारी, भुईमूग आणि मिरची अशी पिकांची विभागणी झाली. आजऱ्याच्या सुवासिक घनसाळ तांदळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नारळ घाटाखालून येतो. खानावळीच्या ताटात भाकरी आणि भात दोन्ही हक्काने बसलेले दिसतात, त्यामागे ही दोन्ही अंगे एका बाजारात भेटतात हे कारण आहे. संकेश्वर 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर दुसऱ्या राज्यात गेले, तरी तेथील नावाने ओळखली जाणारी लांबट, पातळ सालीची, झणझणीत जवारी मिरची गडहिंग्लजच्या सौद्यात येत राहिली.

या मिरचीचे काम चटणीत कळते. कोल्हापूर भागात ‘चटणी’ म्हणजे तोंडी लावणे नव्हे, तर वर्षभरासाठी उन्हाळ्यात करून ठेवलेला कांदा-लसणाचा तिखट मसाला. तिखटपणासाठी संकेश्वरी आणि रंगासाठी ब्याडगी अशा मिरच्या उन्हात कडकडीत वाळवून, देठ काढून तेलावर परततात. धणे, तीळ, सुके खोबरे आणि खडा मसाला वेगवेगळा भाजतात, कारण प्रत्येकाला लागणारी आच निराळी असते आणि एकत्र भाजल्यास तीळ करपून धणे कच्चे राहतात. हे सारे डंकावर कांडून आणल्यावर त्यात तळलेला कांदा, लसूण आणि मीठ मिसळून पुन्हा कांडतात. मिरच्यांचे प्रमाण घराघरात बदलते, आणि एका खानावळीचा रस्सा दुसरीसारखा लागत नाही तो मुख्यतः यामुळे. तयार पुड्यांच्या मसाल्यावर चालणारी खानावळ जाणत्या जिभेला पहिल्या घासाला कळते, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

तरीही ही मिरची मूळची येथली नव्हे. कोलंबसाने जानेवारी 1493 मधील नोंदीत हिस्पानिओला बेटावरच्या, ‘आही’ नावाच्या तिखट फळाचा उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांमार्फत मिरची गोव्यात उतरली आणि घाट चढून देशावर आली. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचाच. त्याच हिस्पानिओलाच्या पूर्व भागात आजचा डॉमिनिकन प्रजासत्ताक देश असून, तेथील गल्लीबोळांतल्या ‘कोमेदोर’ नावाच्या साध्या भोजनगृहांत दुपारी भात, घट्टसर शिजवलेला राजमा आणि रश्श्यातले मटण किंवा कोंबडी असेच ठरलेले ताट मिळते. गंमत अशी की, तेथला स्वयंपाक लसूण, ओरेगॅनो आणि आंबट संत्र्यावर चालतो, तिखटावर नव्हे. मिरची पाहुणी म्हणून गेली तिकडेच तिचे राज्य झाले.

मांसाहारी ताटात सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कांदा-लिंबू, भाकरी आणि भात असतो. हे सारे एका अळणीवर उभे असते. अळणी म्हणजे आले-लसूण, हळद आणि मीठ घालून शिजवलेल्या मटणाचे तिखटाविना पाणी. घरी लहान मुलांना ते आधी वाटीत देतात. त्याच्या एका भागाला चटणी आणि भाजलेल्या खोबऱ्या-तिळाचे वाटण लावले की तांबडा होतो, आणि वर तरंगणारा तेलाचा लाल थर, म्हणजे कट, पाहून गिऱ्हाईक त्याची पारख करते. दुसऱ्या भागात नारळाचे दूध, खसखस आणि काजूचे वाटण जाते. दूध घातल्यावर जोराची उकळी आली तर ते फुटते, म्हणून पांढऱ्यापाशी कोणीतरी उभे राहून ढवळत राहावे लागते. रस्सा मागाल तितका वाढणे हा शिष्टाचार आहे. मटण मात्र मोजून येते.

या ताटाला एक अवघड इतिहासही आहे. कोणी कोणाच्या हातचे जेवावे हे जात ठरवीत असल्याने खानावळीही पूर्वी जातवार असत, आणि सीमाभागात लिंगायत खानावळीच्या पाट्या अजून दिसतात. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी ही त्या शाकाहारी पंक्तीची देणगी गडहिंग्लजच्या रोजच्या जेवणात मिसळून गेली. ज्यांना पंक्तीतच जागा नव्हती त्यांच्यासाठी हा प्रश्न चवीचा नव्हता. म्हणूनच कोल्हापुरात अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन राजर्षी शाहू छत्रपतींनी उघडपणे चहा घेतला, ही कृती एखाद्या वटहुकमाइतकी वजनदार ठरली.

आजरा, गडहिंग्लज आणि चंदगडच्या माणसांनी मुंबईच्या गिरणगावातही खानावळीच्या आधारावर दिवस काढले. तेथे भाकऱ्या थापणाऱ्या बायका सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये स्थापन केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि हा स्वयंपाक रीतसर व्यवसाय मानला जाऊ लागला. तालुक्याच्या गावातील खानावळीत गल्ल्यावर बहुधा पुरुष आणि चुलीपाशी बायका अशीच मांडणी असते, आणि ‘घरगुती’पणाचे श्रेय पाटीवर कोणाच्या नावे लिहिले जाते, हे पाहण्यासारखे आहे.

आठवड्याचे वारही या व्यवसायाला ताल देतात. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मटणाची पातेली चढतात, सोमवार आणि गुरुवारी गिऱ्हाईकच वार पाळते, तर श्रावणात बऱ्याच खानावळी महिनाभर पिठले, अख्खा मसूर, शेंगदाण्याची आमटी आणि खर्डा यांवर चालतात. आषाढाच्या अखेरीस त्याची भरपाई आधीच करून ठेवलेली असते.