सिपनेकाठी तपासलेली सूत्रे

मेळघाटातल्या सेमाडोहला सिपना नदी ओलांडली की कानावर कोरकू आदिवासींची भाषा पडते. टपरीवरची आई लेकराला ‘डा’ देते, म्हणजे पाणी. मुंडा कुळातल्याच संथाळीत त्याला ‘दाक्’ म्हणतात. या कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा कोरकू चहूकडून मराठी-हिंदीने वेढलेली असताना तगली कशी? समाज कसा बदलतो हे सांगणाऱ्या गेल्या ऐंशी वर्षांतल्या मांडण्या मी याच प्रश्नावर घासून पाहत आलो आहे.

1943 साली समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटले. त्यांनी मोठ्या समाजात मिसळावे, हीच वाट त्यांना दिसली. भाषा न मिसळता तगलेल्या सेमाडोहला ती मांडणी पुरत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबींची झेप मोठी. 1956च्या ग्रंथात त्यांनी उत्पादनाची साधने आणि संबंध यांना इतिहासाचा कणा मानले. नांगर आला, टोळ्या जातींत विरघळल्या, त्यांची दैवते थोर दैवतांच्या गोतात गेली. पुण्याभोवती पायी हिंडून, म्हसोबा-बोल्हाईची ठाणी धुंडाळून त्यांनी हे पडताळले, म्हणून त्यांच्यापुढे माझे हात जुळतात. वऱ्हाडच्या काळ्या सपाटीवर हे सूत्र चपखल बसते, पण गाविलगडचा डोंगर चढला की अडते. माझ्या मते या उतारांवर नांगराला वाव नव्हता, म्हणूनच कोरकू भाषा राहिली. इथली कोदो-कुटकीची फिरती शेती आवळली गेली ती कायद्याने. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेले, पुढच्या दशकात मेळघाटचे जंगल राखीव होऊ लागले. सिपना म्हणजे कोरकूत साग. नदीला ज्याचे नाव, त्या झाडाचा मालक सरकार झाले.

हा पेच माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी 1992 साली उलगडला. उत्पादनपद्धतीच्या जोडीला त्यांनी निसर्ग वापरण्याच्या पद्धती मांडल्या: संकलन व फिरती शेती, पशुपालन, स्थिर शेती, उद्योग. मेळघाटात त्या ओळीने आल्या नाहीत, एकाच जंगलात एकमेकींना भिडल्या. कोरकूंची शेती, गवळ्यांची गुरे, वनखात्याचा साग आणि 1974 पासून व्याघ्रप्रकल्प.

आता या मांडणीतही भर हवी. 2006च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगलाची धनी होण्याची वाट दिली. पायथ्याच्या पायविहीर गावाने 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली, तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारात धाडली. नवी मांडणी करू पाहणाऱ्या अभ्यासकांना माझी कळकळीची विनंती आहे: लेखणी उचलण्याआधी त्या गावची ग्रामसभा बसून ऐका.