एल्विस आणि 607 कळसूबाई

एल्विस प्रेस्ली जेमतेम 42 वर्षं जगला. तो जाऊन आता त्याहून जास्त वर्षं झाली, तरी त्याच्या चाहत्यांचे आकडे वाढतच आहेत. घ्या कागद-पेन्सिल, आपण जरा हिशेबच मांडू.

16 ऑगस्ट 1977. मेम्फिसमधल्या ग्रेसलँड या आपल्या घरी एल्विस गेला. दोन दिवसांनी अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा सुमारे 80,000 माणसं उभी होती. आपल्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये ऐन गर्दीच्या वेळी पाचेक हजार माणसं मावतात (मावतात म्हणजे काय ते डोंबिवलीकरांना विचारा). म्हणजे भरगच्च सोळा लोकल एकाच रस्त्यावर रिकाम्या झाल्या!

ही तर नुसती बोहनी. जून 1982मध्ये ग्रेसलँड लोकांसाठी खुलं झालं, आणि 2016पर्यंत ते पाहून गेलेल्यांची संख्या दोन कोटींवर पोचली. दोन कोटी! 2011च्या जनगणनेतली अख्खी मुंबई त्यात बसवली तरी पाऊण कोटी माणसं शिल्लक राहतात. एवढ्यांना न्यायला लोकल किती लागतील? चार हजार. दर तीन मिनिटांनी एक सोडा. रात्रीची विश्रांती नाही, मेगाब्लॉक नाही. पहिली गाडी सोमवारी सकाळी आठला सुटली, तर शेवटची सुटेल पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी चार वाजता.

आता या दोन कोटींपैकी प्रत्येकानं त्याच्या समाधीपाशी एक मिलिलिटर, म्हणजे वीसेक थेंब, अश्रू ढाळले असं धरू. भरले वीस हजार लिटर. सोळा फूट व्यासाच्या विहिरीत ते ओतले, तर पाणी चढेल फक्त मीटरभर. विहीर भरायची तर जास्त रडायला हवं!

पण खरी मजा तिकिटांची. एल्विसचं टपाल तिकीट काढायचं ठरलं, तेव्हा चित्र कुठलं घ्यायचं, तरुण एल्विसचं की प्रौढ एल्विसचं, यावर 1992मध्ये अमेरिकेनं चक्क मतदान घेतलं. अकरा लाखांवर मतं पडली. तरुण एल्विस तिप्पट मतांनी जिंकला. 8 जानेवारी 1993ला, त्याच्या वाढदिवशी, तिकीट आलं. 50 कोटींवर प्रती छापल्या, आणि त्यातल्या सुमारे 12 कोटी 40 लाख प्रती लोकांनी पाकिटाला न चिकटवता जपून ठेवल्या. एका तिकिटाची रुंदी अडीच सेंटिमीटर धरली आणि ही जपलेली तिकिटं ओळीनं मांडली, तर रांग होते 3,100 किलोमीटरची. रेल्वेनं मुंबई-पुणे 192 किलोमीटर. आठ वेळा जा, आठ वेळा परत या, तरी थोडी तिकिटं हातात उरतील. एक तिकीट 29 सेंटचं; तेव्हाच्या भावानं हे झाले शंभर कोटी रुपयांच्या वर. टपाल खात्याला पैसे मिळाले आणि पत्रं पोचवावीच लागली नाहीत! काही बहाद्दरांनी तिकीट लावलं, पण मुद्दाम चुकीच्या पत्त्यावर. का, तर पाकिटावर ‘रिटर्न टू सेंडर’चा शिक्का बसून परत यावं. एल्विसचं त्या नावाचं गाणं आहे ना!

आता तबकड्या. शंभर कोटी खपल्याचा दावा आहे. आपण कंजूष होऊन निम्म्याच धरू. दोन मिलिमीटर जाडीच्या 50 कोटी तबकड्या एकावर एक रचा. उंची भरते एक हजार किलोमीटर. एव्हरेस्ट सोडाच, आपलं कळसूबाई घ्या, 1,646 मीटर. एकावर एक 607 कळसूबाई!

आणि एल्विस होऊन फिरणारे? ऑस्ट्रेलियातलं पार्क्स हे दहा-बारा हजार वस्तीचं गाव. एल्विस त्या देशात कधी गायला नाही. अमेरिकेबाहेर तो गायला फक्त कॅनडात. तरी दर जानेवारीत तिथं त्याचा उत्सव भरतो आणि गावाच्या दुप्पट पाहुणे येतात. सिडनीहून खास ‘एल्विस एक्स्प्रेस’ सुटते, आणि तिथल्या भर उन्हाळ्यात लोक जंपसूट घालून उतरतात.

यावरून एका गमत्यानं मांडलेला हिशेब फार गाजला. एल्विस गेला तेव्हा त्याची नक्कल करणारे शे-दीडशे, शतक संपताना 85,000; याच वेगानं वाढले तर 2019पर्यंत जगातला दर तिसरा माणूस एल्विस! 2019 आलं, गेलं, तसं काही झालं नाही. पण क्षणभर खरं मानू. जगात अडीचशे कोटी एल्विस. महाराष्ट्रात चार कोटींच्या आसपास. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये 1,666, सगळ्यांचे कल्ले लांब, जंपसूट पांढरेशुभ्र, आणि सगळ्यांना उतरायचंय ठाण्यालाच!