जुन्या वाड्याची डागडुजी

सराफ बाजारांतील पेशवेकालीन सरकारवाडा आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिला असेलच. काळ्या दगडाचें जोतें, सागवानी खांब, विटा-चुन्याच्या भिंती. आम्हीं विकत घेतलेला लहानसा वाडाही त्याच जातीचा.

उत्साहाच्या भरांत आम्हीं प्रथम ओसरीस सिमेंटचा गिलावा करविला. चूक आमचीच. भिंतींत शिरलेली ओल चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांवाटे बाहेर पडत असते. सिमेंटनें ती वाट बुजली, आणि दोन पावसाळ्यांत भिंतींतल्या खांबाचें बूड कुजूं लागलें. तो गिलावा खरवडून विरविलेल्या चुन्याचा दिला. चुना हवेंतील कार्बनिक वायु शोषून सावकाश घट्ट होतो. तेथें घाई चालत नाहीं.

आतां आधीं कौलें व पन्हळ, मग जोत्याभोंवतींचा निचरा. रंग सर्वांत शेवटीं. कौलें निम्मीं झालीं. उरलेल्या माडींत तूर्त घंगाळ ठेवितों.